गुडघा वाकेना तेव्हा

हे लिहितो आहे ती एक कबुलीच आहे. मागच्या वर्षी आमच्या भागातल्या सोनागिरीच्या चौकात स्कूटरवरून पडलो आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन चांगलं झालं, हाड जुळलं. पण पाय वाकेना. दोन महिन्यांनीही खुर्चीत बसलो की तो समोर ताठच्या ताठ. डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभरात फरक पडला नाही, तर भूल देऊन वाकवावा लागेल."

डॉक्टरांनी नेमून दिलेला व्यायाम करताना जीव जायचा, म्हणून मी तो करणंच सोडलं. बायकोने विचारलं की सांगायचो, "झाला." दार लावून गुडघ्याला अंगारा लावायचो, जप करायचो आणि दत्तमहाराजांवर भार टाकलाय अशी स्वतःची समजूत घालायचो. आत मात्र शंका कुरतडत होती. इतकी वर्षं गुरुवार केले, त्याचं हेच फळ का?

अशाच एका गुरुवारी दत्तमंदिराच्या ओसरीत बसलो होतो. बाहेर एका बाईंची ऑटो बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत त्या सावलीला येऊन टेकल्या. जबलपूरच्या, फिजिओथेरपीच्या कामातून निवृत्त झालेल्या, इथे मुलीकडे आलेल्या. माझा पाय पाहून त्यांनी विचारलं, "भाईसाहब, कसरत करते हैं?"

का कोण जाणे, त्यांच्यासमोर खोटं बोलवेना. घरात लपवलेलं सगळं सांगून टाकलं. डोळे भरून आले. त्या रागावल्या नाहीत. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते नीट विचारून घेतलं आणि मला फरशीवर टाच हळूहळू मागे सरकवायला लावली. "ज़बरदस्ती नहीं. जहाँ दर्द हो, वहाँ एक बार नाम लीजिए, फिर ढीला छोड़िए." दुखलं, पण सोसवलं. दहा वेळा केलं. तेवढ्यात ऑटो आली आणि त्या गेल्या. नाव विचारायचंही राहिलं.

संध्याकाळी बायकोला खरं सांगितलं. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "चला, मी मोजते." तेव्हापासून दिवसातून चार वेळा, नाम घेत. महिनाभराची मुदत संपली तेव्हा डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला आणि म्हणाले, "भूल नको आता. असंच चालू ठेवा."

मांडी अजून घालता येत नाही, पण जिना चढतो. मुलगा म्हणतो, त्या बाई भेटल्या तो योगायोग. मी वाद घालत नाही, नुसते हात जोडतो. भार टाकला म्हणता म्हणता मी अंगच काढून घेतलं होतं. आता माझ्या वाटणीचं करतो आणि मग म्हणतो, महाराज, पुढचं तुमचं. हल्ली ते म्हणताना मन शांत असतं.