शिवलीला आणि काळं तेल

शिवलीलाबद्दल गणपतरावांना कुणी विचारलं असतं, तर चार वाक्यांत त्यांचं सांगणं आटोपलं असतं. शेजारच्या गल्लीतली गवळीण, म्हशी राखायची, मोटारसायकलवरून दारोदार दूध घालायची, आणि तिच्या आवाजापुढं साखर कारखान्याचा भोंगा फिका पडायचा. तिचं माहेर निपाणीकडचं की संकेश्वरकडचं, हेही त्यांना धड ठाऊक नव्हतं. ते सगळं त्यांच्या बायकोला, चिमणाबाईंना माहीत. रोज सकाळी दूध घेताना "रोजच्याएवढंच" यापलीकडं गणपतरावांचं तोंड कधी उघडलं नाही. पण पुढं जे घडलं ते त्यांच्याच परसात घडलं, त्यामुळं तेवढं मात्र त्यांना नीट आठवतं.

गणपतराव कारखान्यातून निवृत्त झालेले. घरची जुनी मोटार स्वतःच्या हातानं दुरुस्त करायची, हा त्यांचा एकुलता एक शौक. ऑइल बदलताना त्यांना मोठं समाधान वाटायचं. मात्र खालच्या घमेल्यात साचलेलं काळंभोर तेल बघितलं की ते समाधान ओसरायचं. हे टाकायचं कुठं? गटारीत ओतावं तर ओढ्यानं पंचगंगेत जाणार. एकदा कुंपणाच्या कडेला ओतून बघितलं, तर तिथं पुढं गवताचं पातंही उगवेना. चिमणाबाईंची मेथी थोडक्यात वाचली.

तेव्हापासून ते तेल डब्यांत भरून ठेवायला लागले. गॅरेजवाले असलं तेल घेतात, हे त्यांनी ऐकलं होतं. पण ज्या गॅरेजात आपण कधी गाडी दाखवली नाही, तिथं नुसती घाण घेऊन कुठल्या तोंडानं जायचं? या विचारानं पाय उचलेना आणि परसात डबे वाढत गेले.

"दिवाळीच्या पाडव्याआत हे डबं हाललं न्हाईत," चिमणाबाईंनी बजावलं, "तर तुमचा फराळ तिकडंच, डब्यांच्या पंगतीला."

पाडव्याच्या आदल्या दिवशी शिवलीला परसदारानं आत आली. पाडव्याला त्यांच्या बावडा गावात म्हशींची मिरवणूक असते. म्हशी भादरून, धुऊन, तेल चोळून तुकतुकीत करायच्या, शिंगांना मोरपिसं बांधायची, आणि मालकानं मोटारसायकल दामटली की म्हशीनं दावं नसताना तिच्यामागं पळत सुटायचं. शिवलीलाच्या चंद्रीचा त्यात दरारा होता.

"मामा," शिवलीला म्हणाली, "त्या डब्यांतलं वाईच काळं त्याल द्या की. चंद्रीला चोळतो. उद्या आरशासारखी चकाकली पायजे." गल्लीतल्या बायांसारखी तीही पुरुषी थाटातच 'येतो, जातो' बोलायची.

गणपतरावांना वाटलं, देवच पावला. न मागता डबे रिकामे होणार, बायकोचं तोंड बंद होणार, आणि गॅरेजची पायरीही चढायला नको. त्यांनी डबा उचलला. झाकणही फिरवलं. मग हात तिथंच थांबला. म्हैस अंग चाटते, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. पण शिवलीलाला नाही म्हणायचं? उभ्या जन्मात त्यांनी रद्दीवाल्यालासुद्धा नाही म्हटलं नव्हतं.

"नको," ते डब्याकडं बघत म्हणाले.

"काय नको?"

"हे... म्हशीला नको."

"आं? सोनं हाय व्हय त्यात? माझी सासू लावायची की बैलगाडीच्या कण्यातलं काळं वंगण. माश्या बसत न्हाईत म्हणायची!"

तिचा आवाज चढला तसं कुंपणापलीकडचं कुत्रं उठून गेलं. गणपतराव एक पाऊल मागं सरले. पण डबा काही त्यांनी सोडला नाही.

"इंजिनाची सगळी झीज उतरलेली असती ह्यात," ते म्हणाले. "कातडी पोळंल तिची. आणि ती चाटणार. तिच्या पोटात जाणार. मग दुधात काय उतरंल ते उतरंल, आणि... आणि त्या दुधाचा च्या आम्हीच पितो, शिवलीलाबाई."

 शिवलीला कमरेवर हात ठेवून अशी हसली, की चिमणाबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या.

"अगं मामी, मामा बोललं! एवढं बोललं!"

"काय बोललं?"

"मला न्हाय म्हटलं!"

चिमणाबाईंनी आत जाऊन खोबरेल तेलाची भरलेली बाटली आणली आणि शिवलीलाच्या हातात ठेवली. "घे. ह्यांचं तोंड उघडलं, त्या खुशीत."

"पण मामा, मग ह्या डब्यांचं लोणचं घालणार हाय काय?"

गणपतरावांनी खाली बघत गॅरेजची अडचण सांगितली. शिवलीलानं कपाळावर हात मारला. "लाजतासा? चला, उचला डबं."

तिनं मोटारसायकलची दुधाची किटली काढून ठेवली आणि रिकाम्या आकड्यांना डबे अडकवले. दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मागं बसलेल्या गणपतरावांनी ब्रेक ऑइलची बाटली आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटचा डबा, तेलात मिसळू नये म्हणून वेगळा, छातीशी धरला होता. गॅरेजच्या दारातूनच तिनं हाक टाकली, "ओ बाळासो! पावणं आल्यात! त्याल आणलंय आणि लाजत्यात!"

गॅरेजमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. गणपतरावांना जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

"त्यात काय लाजायचं?" बाळासो पिंपाचं झाकण काढत म्हणाला. "आमचं पिंप भरलं की गाडी येऊन घेऊन जाती. तिकडं शुद्ध करत्यात. फकस्त कूलंट मिसळलंय का?"

"न्हाय. वेगळं हाय. ब्रेक ऑइल पण," गणपतराव बाटली पुढं करत म्हणाले.

"वा! असली गिऱ्हाइकं मिळायला नशीब लागतंय."

दुसऱ्या दिवशी चंद्री शिवलीलाच्या गाडीमागं अशी सुटली, की माणसांनी फुटपाथवर उड्या मारल्या. तिच्या अंगाचा खोबरेलाचा वास गणपतरावांपर्यंत आला.

त्यानंतर काही वर्षं, गाडीचं ऑइल बदललं की शिवलीलाच डबा घेऊन पुढं आणि गणपतराव मागं बसून, असं चालायचं. गॅरेजात हाक तिची, बोलणं तिचं. ते फक्त डबा ओतायचे.

गेल्या श्रावणात शिवलीला झोपेतच गेली. आदल्या दिवशी सकाळी दूध घालून ती घाईनं निघाली होती. दारातल्या ओट्यावर काळ्या तेलानं भरलेला डबा तिला दिसला.

"मामा, आज मला जमायचं न्हाय. एकटं जाशीला का?"

"जातो की."

"बाळासोला हाक मारशीला?"

"मारतो."

"मोठ्यानं मारा."

"बरं."