दार लावलं की

करी रोडच्या आमच्या चाळीत कुणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळायचं आणि कोण कुणाला मारतंय ते आवाजावरून. माझा नवरा मला मारतो हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. मध्ये कुणी पडायचं नाही. फक्त शेजारच्या काकी वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि थोडी साखर मागायच्या. तो हात खाली घ्यायचा आणि हसून "या काकी" म्हणायचा. काकींना मधुमेह होता.

लोक म्हणायचे, दारू सुटली की मारही सुटेल. कसलं काय! प्यायला की हा गुणी बाळ, जेवून गपगुमान झोपायचा. मला धास्ती होती ती तो शुद्धीत असताना गोड बोलायचा त्याची. न मागता गजरा आणला, जवळ येऊन हळू आवाजात बोलायला लागला, की मी विळी कॉटखाली सरकवायचे आणि दार सताड उघडं ठेवायचे. मार खाऊन खाऊन एवढं तर कळतंच.

चाळ पाडून टॉवर उभा राहिला. चाव्या मिळाल्या त्या दिवशी खाली पेढे वाटणं चाललं होतं. काकींना दुसऱ्या विंगमध्ये जागा मिळाली होती. त्यांनी मला बाजूला घेतलं. इतक्या वर्षांत त्या या विषयावर पहिल्यांदाच बोलल्या.

"आता माका काय ऐकाक येवचा नाय गो."

मग मी आणि नवरा दोघंच लिफ्टने वर गेलो. त्याने दार ओढून घेतलं, खिडक्या लावल्या आणि रिकाम्या हॉलमध्ये उभा राहून मोठ्याने टाळी वाजवली. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता.

"बघ," तो अगदी हळू म्हणाला, "दार लावलं की बाहेर काही जात नाही."

चाळीत त्याचा हात जिथे थांबायचा, तिथे तो आता थांबणार नव्हता. नव्या घरात दूध उतू घालायला हवं, मी दूध घेऊन येते, असं सांगून मी बाहेर पडले आणि थेट माहीमला भावाकडे गेले. परत गेलेच नाही.

भाऊ वाईट नाही, पण भडकला. चाळीत एवढी वर्षं सोसलंस आणि आता सुखाचे दिवस आले तर करोडोंचा फ्लॅट लाथाडतेस, असं बरंच काही बोलला. शेवटी म्हणाला, "नव्या घरात त्याने हात तरी लावला का तुला? आधी राहून तर बघ."

तेव्हापासून प्रत्येक लग्नाकार्यात कुणी ना कुणी मला हेच ऐकवतं. अशी चीड येते! माझा अंदाज बरोबर होता याचा पुरावा माझ्याकडे नाही, हे खरं आहे. त्यासाठी राहून बघावं लागलं असतं, आणि मग याच माणसांना मला स्मशानात पोचवायला यावं लागलं असतं.