सोफामास्तरांची उंच गाडी

सोफामास्तरांनी जुनी गाडी घेतली ती फक्त सीट बघून. दुसरं काही बघितलं असतं तर ते सोफामास्तर कसले! सगळं आयुष्य खुर्च्या-सोफे भरण्यात गेलेलं. त्यांनी कोपराने फोम दाबला, शिवणीवरून अंगठा फिरवला, "दमला नाही अजून," असं म्हणाले आणि व्यवहार पक्का केला. गाडी उंच फुटपाथला खेटून उभी होती, त्यामुळे ते सरळ आत जाऊन बसले. खाली वाकून बघायचं मनातही आलं नाही.

घाई आईसाठी होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती धाकट्या बहिणीकडे जायला एकदाच टॅक्सीने निघाली होती. उतरताना त्या खोल सीटवरून उठताच येईना. शेवटी दोन अनोळखी माणसांनी काखेत हात घालून तिला बाहेर ओढलं. "गाठोडं झालं माझं," म्हणाली, आणि तेव्हापासून घराबाहेर पडली नाही.

गाडी दारात आली तशी बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, गाडी आणलीत की माळा? सोबत शिडी दिलीय का?"

तपासायला बोलावलेला गॅरेजवाला गाडीखाली डोकावला आणि हसतच उठला. "मास्तर, आधीच्या मालकाने लांब स्प्रिंगा टाकून चांगली चार बोटं उचललीय. मूळच्या परत बसवू या. आजी कशा चढणार?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात आई काठी टेकत बाहेर आली. "बघू तरी."

घरातली तिची खुर्ची मास्तरांनी जादा फोम भरून उंच केली होती, बसता-उठताना वाकायला नको म्हणून. त्या खुर्चीकडे करते तशीच तिने सीटकडे पाठ केली. वाकावं लागलंच नाही. टेकली, एकेक पाय आत घेतला. मग पाय बाहेर काढून उभी राहिली. पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"अगदी माझ्या खुर्चीएवढी केलीस की रे!"

खरं तर मास्तरांनी काहीच केलं नव्हतं. पण आईने केलेलं कौतुक परत करायला कोण जातो?

"स्प्रिंगांना हात लावायचा नाही," त्यांनी गॅरेजवाल्याला बजावलं. "नीट आवळल्यात का, तेवढं बघ."

"वळणावर मात्र सावकाश," तो म्हणाला.

मास्तरांनी मावशीच्या घरापर्यंतचा सगळा रस्ता सावकाशच घेतला. मावशी दारातून धावत आली, मास्तरही सवयीने हात पुढे करून उभे राहिले.

"व्हा बाजूला दोघं," आई म्हणाली आणि आपली आपण उतरली. मग मात्र तिने बहिणीला घट्ट धरलं.