मामंजींच्या नावाचे अकरा रुपये

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत विजयाबाईंची ख्याती काही चांगली नव्हती. त्या दिसल्या की भाजीवाला आधीच कपाळाला हात लावी, आणि शेजारच्या सुमनताई तर तोंडावर म्हणत, "विजया, तुझ्या हातून पैसा सुटायला मुहूर्त बघावा लागतो." विजयाबाई हसत आणि आणखी दोन आणे कमी करून घेत. नव्वद रुपयांत सहा माणसांचं घर चालवून दाखवा, मग बोला, असा त्यांचा खाक्या होता.

छप्पन साली मध्यभारत मोडून नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरची कितीतरी कारकून मंडळी बिऱ्हाडं उचलून तिकडे निघाली. विजयाबाईंचे यजमान मानसिंगराव दप्तरांच्या पेट्यांबरोबर आधीच पोचले होते. त्यांचं पत्र आलं. घर मिळालंय, पण दोन महिन्यांचं भाडं, साठ रुपये, हातात पडल्याशिवाय मालक किल्ली देणार नाही. एक रुपयाही कमी पडत असेल, तर मुलांना आणि वडिलांना घेऊन तिथंच चुलतभावाकडे राहा, उन्हाळ्यात बघू.

चुलत दिरांच्या दारी सहा महिने! विजयाबाईंनी पत्र घडी करून ठेवलं आणि सामान हलवायच्या खर्चाचा अंदाज मांडायला बसल्या. घरभाड्याचे साठ त्यांनी आधीच पोलक्याच्या आतल्या खिशात शिवून टाकले होते. ट्रकचे एकशे चाळीस ठरले, त्यातले सत्तर देऊन झाले होते, उरलेले भोपाळला पोचल्यावर द्यायचे म्हणून वेगळे बांधले होते. हमालांची मजुरी लिहिली. त्याखाली लिहिलं, 'अवचित – तीस.'

"अवचित म्हणजे कशाला गं?" सुमनताईंनी विचारलं.

"ते माहीत असतं, तर अवचित कशाला लिहिलं असतं?"

सगळ्यात शेवटी एक ओळ होती, 'मामंजींसाठी – अकरा.' ते कशाला, हे मात्र त्यांनी सुमनताईंना सांगितलं नाही.

मामंजी म्हणजे त्यांचे सासरे, कान्होजीराव. संस्थानच्या रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले, दफेदार. त्यांच्या दारात ज्यानं काही उचललं, बांधलं, वाहिलं, तो मजुरी घेऊन वर बक्षीस घेतल्याशिवाय कधी गेला नव्हता. तेही नाव घेऊन, हातावर ठेवून, 'शाबास' म्हणून. पण संस्थान गेलं, मग मध्यभारतही गेलं, आणि पेन्शनचे कागद कुठल्या टेबलावर अडकले कोण जाणे. चार महिने पैसा नव्हता. सुनेकडे मागतील तर ते कान्होजीराव कसले! "सामान भरायच्या दिवशी मी देवळात जाऊन बसतो," ते म्हणाले. "ट्रक निघताना बोलवा." जन्मात कुणाला पाठ न दाखवलेला माणूस हमालांपासून लपायला निघाला होता, हे विजयाबाईंना बरोबर कळलं.

ठरल्या दिवशी अवचित खर्च अगदी वेळेवर हजर झाले. दिवाळीच्या दुकानांनी गल्ली अडवलेली, म्हणून ट्रक इंदरगंजच्या चौकात उभा राहिला. तिथवर सामान न्यायला हातगाडीचे दोन ठेले करावे लागले. मोठं कपाट दारातून निघेना, तेव्हा सुतार बोलवून चौकट सोडवली. सुंभ कमी पडला. लोणच्याची बरणी कलंडली आणि दोन गाद्यांची खोळ नवी आणावी लागली. दुपारपर्यंत तीसच्या तीस संपले. विजयाबाईंना वाईट वाटायच्याऐवजी मनातून बरंच वाटलं. अंदाज रुपयाला रुपया जुळला होता.

त्यांनी मामंजींना देवळातून चौकात बोलावून घेतलं आणि हातात एक लहानशी पिशवी ठेवली.

"हमालांना तुमच्या हातानं द्या."

"सूनबाई, हे कुठले?"

"अंदाजात धरलेले आहेत."

कान्होजीरावांनी पिशवीचा बंद सोडून आत पाहिलं. तेवढ्यात ट्रकवाला आला. सामान चढलं होतं, दोर आवळले होते. अशी वेळ हे लोक बरोबर साधतात.

"माताजी, दस रुपये और लगेंगे. भोपाल का रेट बढ़ गया है."

अवचितचा कप्पा रिकामा होता. साठांना हात लावला तर किल्ली गेली. कान्होजीरावांनी आयुष्यात घासाघीस केली नव्हती. त्यांनी पिशवी ट्रकवाल्यापुढे धरली. "देऊन टाकू, सूनबाई. दहाच तर मागतोय."

"नाही, मामंजी. ते ह्या लोकांचे आहेत." विजयाबाई ट्रकवाल्याकडे वळल्या. "भैया, सामान उतारो."

"पूरा?"

"पूरा. और मेरे सत्तर रुपये वापस."

आवाज खणखणीत निघाला. पण त्यानं खरंच उतरवलं असतं, तर दिवाळीआधी दुसरा ट्रक मिळणार नव्हता. त्या पदर खोचून भर रस्त्यात हाताशी ठेवलेल्या ट्रंकेवर बसल्या. आठ हमालांतला मुकादम उमाजी सगळं ऐकत होता. त्यानं डोक्यावरचं फडकं झटकलं आणि शेजारी बैठक मारली. "उतरवतो की, वहिनीसाहेब. मजुरी ट्रकमालकाकडून घेऊ. संध्याकाळ होईल, एवढंच." मागून बाकीचे सातही बसले. ट्रकच्या मागे टांग्यांची रांग लागली, शिव्या सुरू झाल्या. ट्रकवाल्यानं एकदा त्या रांगेकडे पाहिलं, एकदा ह्या बाईकडे.

"चलिए, बैठिए," तो म्हणाला. दहा रुपयांचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मग कान्होजीराव ताठ उभे राहिले. एकेकाला नावानं पुढे बोलावलं, एकेक रुपया हातावर ठेवला. आठ हमाल, दोन ठेलेवाले. प्रत्येकाला शाबास. पिशवीत एक रुपया उरला.

"सूनबाई, पुढे या."

"राहू द्या तुमच्याकडे, मामंजी."

"परत देत नाहीये. मोर्चा ज्यानं राखला, त्याचं इनाम बाकी आहे."

अख्ख्या चौकासमोर विजयाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. "शाबास," कान्होजीराव म्हणाले, आणि रुपया ओंजळीत ठेवला. विजयाबाईंना समोरचा ट्रक नीट दिसेनासा झाला.

भोपाळला पोचल्यावर पोलक्याची शिवण उसवली, साठ रुपये मालकाच्या हातात पडले आणि किल्ली मिळाली. मानसिंगरावांनी सगळा हिशेब तपासला आणि बायकोच्या हातातल्या रुपयाकडे बोट दाखवलं.

"हा एक जास्त कसा आला?"

"तो मोजू नका," विजयाबाई म्हणाल्या. "तो मी कमावलाय."