मावशींची हजेरी

"म्या यायच्या आदी काय झालं?"

मावशी कुठंही आल्या की आधी समोरच्याचं मनगट धरायच्या आणि मग हे विचारायच्या. चपला नंतर काढायच्या. उपासना असो, बारसं असो की रेशनची रांग. "काही नाही मावशी, आत्ताच बसलोय," असं सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नसे. शेजारच्याचं मनगट धरून त्या खात्री करून घेत.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपल्यामागं जगात काहीतरी मोठं घडून जाईल, या धास्तीनं ते कुठंच धड बसत नाही.

भोरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत महिला मंडळाची व्यवस्था माझ्याकडे आहे. सतरंज्या कोण आणणार, चहा कोण करणार, आजाऱ्यांना भेटायला कोणाची जीप, हे मी ठरवते आणि लिहून ठेवते. मावशींना बोलावणं धाडावं लागत नसे. त्या हिर्डोशीहून यायच्या. त्या रस्त्याला एसटी मोजकीच, तरी त्या सगळ्यांच्या आधी हजर. एकदा घरप्रार्थनेला इतक्या लवकर पोचल्या की घरची बाई अजून अंघोळ करत होती. मावशींनी मोरीच्या दाराबाहेरून तिला विचारलं, "सुरू न्हाई ना झालं?"

"मावशी, मी आत आहे. माझ्याशिवाय कसं सुरू होईल?" ती आतून म्हणाली.

"तसं म्हनतात, आन् व्हतं सुरू," मावशी म्हणाल्या आणि दाराशीच बसल्या.

यामागचं कारण त्यांनी मला एका नाताळात तांदूळ निवडताना सांगितलं. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांनी सगळ्या घरासकट बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी मावशी पासलीला मामाकडं होत्या. त्यांना आणायला कुणी गेलं नाही. परत आल्या तर आई, भाऊ, पाळण्यातली बहीणसुद्धा प्रभूची झालेली. बाप्तिस्मा देणारा पाळक पुन्हा गावात यायला फार दिवस लागले. तोवर संध्याकाळच्या प्रार्थनेला भाऊ त्यांना चिडवायचा, "प्रभू आला की आमी जानार. तू बस शेळ्या राखत."

"तवापासून पोटात गोळा येतो बगा," मावशी म्हणाल्या. "दार लागलं आन् आपुन भाईर, असं वाटतं."

मी त्यांना समजावलं की आता त्यांचाही बाप्तिस्मा झालेला आहे. त्या म्हणाल्या, "व्हय की. पन गोळ्याला कुठं म्हाईत हाय?"

मग त्यांच्या मालकांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि ते खाटेला खिळले. मुलंबाळं नव्हती. मावशींचं येणं निम्म्यावर आलं, तेव्हा त्यांनी मोबाईल घेतला. पुण्याची उपासना, नगरची सभा, मुंबईचं उपास-प्रार्थनेचं संमेलन, सगळं खाटेच्या उशाला लागलेलं असे. एक संपायच्या आत त्या दुसरं लावत.

मी भेटायला गेले होते तेव्हा मालक जड जिभेनं म्हणाले, "सगळ्या गावचा प्रभू दावलास. आता वाईच पेज दाव."

मावशी हसल्या आणि चुलीकडं गेल्या, पण मोबाईल घेऊन.

त्याच भेटीत ते आणखी एक बोलले. हा माणूस जन्मात कुणाकडं काही मागणारा नव्हता. म्हणाले, "तू जा कुठं जायचं तितं. म्या कंदी अडवलं न्हाई. पन म्या जाईन तवा हितं अस."

"असंन की. म्या कुठं जातिया?" मावशी म्हणाल्या. त्यांनी मालकांचं चांगलं मनगट धरलं होतं.

त्या वर्षी ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या रविवारआधीच मालकांची तब्येत खालावली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आमच्या मंडळीत त्या रविवारची उपासना पहाटे कबरस्तानात होते. मेणबत्त्या लावतात, आणि घरात कुणी आजारी असेल तर त्याचं नाव मोठ्यानं घेऊन प्रार्थना मागतात. आपल्या माणसाचं नाव आपणच घ्यायचं, अशी रीत आहे.

मी शनिवारी सकाळी फोन केला. "मावशी, या वर्षी येऊ नका. दुपारी आम्हीच जीप घेऊन येतो. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन येतील."

"आन् पहाटे ह्येंचं नाव?"

"मी घेते."

"तुमच्या तोंडात ते परकं व्हईल," त्या म्हणाल्या. "आवंदा सुटलं तर पुन्यांदा कवा? त्येच दिशी प्रभूच्या कबरीवरचा दगड सरला व्हता ना? त्येच दिशी कायतरी व्हनार, आन् म्या हितं चुलीपाशी."

पहाटे एसटी नसते. म्हणून त्या संध्याकाळच्या एसटीनं माझ्याकडं मुक्कामाला आल्या. मालकांजवळ शेजारची धनगराची सून बसली होती.

पहाटे कबरस्तानात त्यांनी मालकांचं नाव घेतलं. इतक्या मोठ्यानं की झाडावरचे बगळे उठले. पाळकसाहेब सांगत होते, स्त्रिया उजाडता उजाडता कबरीपाशी पोचल्या तेव्हा प्रभू तिथं नव्हता, आधीच निघून गेला होता. उपासना संपली. मी किटलीतून चहा ओतत असताना माझा फोन वाजला. मावशींनी आपला बंद ठेवला होता. पलीकडून धनगराची सून बोलत होती.

मी कप खाली ठेवून मावशींना बाजूला घेतलं आणि मालक गेल्याचं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. "पानी कुनी दिलं?" एवढंच विचारलं.

"तिनंच दिलं."

"मला हाक मारली का?"

मी तिला ते विचारलं होतं. मारली होती. उजाडेपर्यंत मारत होते. मी मावशींना तसंच सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याकडून खात्री करून घेतलीच असती.

त्यानंतर मावशी उपासनेला आल्या नाहीत. मोबाईल बंद लागायचा. पाळकसाहेब जाऊन क्षमेविषयी बोलून आले. मावशी त्यांना म्हणाल्या, "प्रभू माफ करंल. पन ज्येच्याकडं मागायची त्यो मानूस कुठं हाय?"

नाताळाच्या आधी मी गेले तर घराला कडी. मावशी पलीकडं धनगरांच्या घरात सापडल्या. सुनेची सासू आंधळी होती आणि जागेवरच पडून होती. सून शेळ्यांमागं रानात जायची. मावशी दिवसभर म्हातारीच्या खाटेच्या कडेला बसून असत. तिला पाणी पाजत, तिची कूस वळवत.

"मावशी, नाताळाला चला," मी म्हटलं. "सगळे विचारतात. आणि नेमका प्रभू भोरात आला तर?"

पूर्वी या थट्टेवर त्यांनी पिशवी उचलली असती. आता म्हणाल्या, "आला तर येऊ द्या. हिची कूस कोन वळवंल?" मग म्हातारीचं पांघरूण सारखं करत म्हणाल्या, "ह्ये पुन्य न्हाई बरं का, बाई. जीव घाबरतो. उठले की वाटतं, मागं हाक मारंल."

पुढच्या वर्षी भर पावसाळ्यात मावशी गेल्या. आदल्या दिवशी ताप होता, म्हणून आपल्याच घरी निजल्या होत्या. सकाळी सुनेनं हाका मारल्या, मग फटीतून कडी काढून आत गेली. जवळ कुणीच नव्हतं. घाटरस्त्यावर दरड आली होती. आमची जीप पोचेपर्यंत धनगरांनी बांधाशी, मालकांच्या शेजारी, खड्डा खणून ठेवला होता. पाळकसाहेबांनी भिजत दफनविधी केला.

परतताना मी सुनेच्या घरात डोकावले. म्हातारीनं माझी चाहूल घेतली आणि कष्टानं भिंतीकडं सरकली. मोकळ्या झालेल्या जागेवर तिनं हात थोपटला.

"आत्याबाई, त्या न्हाईत आल्या. ह्या भोरच्या बाई हायेत," सून म्हणाली.

म्हातारीला ते उमगलं नसावं. ती भिंतीला चिकटून तशीच पडून राहिली. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता, आणि अर्धी खाट रिकामी होती.