दाबून रिकामी केलेली गाठ

"पिशवी काढायची तारीख मिळालीय, मॅडम. तेवढी सोनोग्राफी करून द्या," पेशंटच्या सासूबाई दारातूनच म्हणाल्या. मागे त्यांची सून रेखा उभी. वय पस्तिशीच्या आत, चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कामाला. माझं सोनोग्राफी सेंटर काळेवाडीत आहे.

रेखाची तक्रार अशी: योनीच्या तोंडाशी गाठ फुगते, लघवी करून उठलं की पुन्हा थेंब थेंब गळते, जळजळ होते. ऑपरेशनची तारीख देणाऱ्या सर्जनच्या हाताला योनीच्या पुढच्या बाजूला फुगवटा लागला होता. 'अंग बाहेर येतंय', म्हणजे गर्भाशय खाली सरकतंय, असं निदान झालं. आपल्याकडे तिथून गर्भाशय काढण्यापर्यंतची वाट उताराचीच असते.

"दोन लेकरं झाली. आता काय करायचीय पिशवी ठिवून?" सासूबाईंनी विषय संपवला.

मी पोटावरून पाहिलं. गर्भाशय ठणठणीत, आपल्या जागेवर. मग सासूबाईंना बाहेर बसवलं आणि खालून पाहिलं. यात सोनोग्राफीचा प्रोब आत घालावा लागत नाही. कव्हर चढवून बाहेरूनच टेकवायचा, की मूत्रमार्ग आणि योनी दोन्ही दिसतात. रेखाला खोकायला लावलं, जोर करायला लावलं. काहीच खाली सरकलं नाही. आणि गाठही नव्हती!

"गाठ कुठे गेली?"

"येताना साफ करून आले."

"साफ म्हणजे?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "बोटानं दाबलं की घाण निघून जाते. सर्जनकडं ड्युटीवरून थेट गेले होते, तेव्हा दाबायचं राहिलं. आज घरून आले. डॉक्टरपुढं तसंच कसं यायचं, मॅडम?"

हसावं की रडावं कळेना. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं, तशी ही बाई आजार आवरून आली होती.

"आता पाणी प्या, लघवीला जाऊन या. आणि बोट लावायचं नाही."

ती परत आली तेव्हा गाठ स्क्रीनवर हजर होती. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो, तशी मूत्रमार्गाला आलेली थैली. आत गढूळ द्रव. लघवी करताना ती भरते, नंतर गळत राहते. डॉपलरने रक्तप्रवाह पाहिला. मांसाचा गोळा असल्याची काही खूण नव्हती. मी सर्जनना फोन लावला.

"सर, प्रोलॅप्स नाहीये, गर्भाशय जागेवर आहे. युरेथ्रल डायव्हर्टिक्युलम आहे, मूत्रमार्गालाच थैली आलीय."

"अहो, मी स्वतः हाताने तपासलंय."

"तेव्हा थैली भरलेली होती. गर्भाशय काढलंत तरी गळणं थांबणार नाही."

"बरं. तारीख रद्द करतो. एमआरआय करून युरॉलॉजिस्टकडे पाठवू."

मला हायसं वाटलं. चांगल्या बाईचा चांगला अवयव उगाच गेला असता.

एमआरआयमध्ये तेच निघालं. युरॉलॉजिस्टने थैली काढली, गळणं थांबलं, रेखा पुन्हा लाइनवर रुजू झाली. सासूबाई मात्र नाराजच. म्हणाल्या, "पोरीला भूल दिलीच होती, तर पिशवी पण काढून घ्यायची की!"

आता तपासणीआधी मी प्रत्येकीला विचारते, घरून निघताना काय काय केलंत? पेशंट नीटनेटका यावा, हरकत नाही. आजार मात्र आहे त्याच अवतारात आलेला बरा.