दुसरं ताट

वाघोलीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. वय सत्तरीच्या पुढचं, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी.

"अहो, कॅलेंडरमधले सगळे सण, सगळ्या सुट्ट्या काढून टाकता येतील का?"

मी सेटिंगमध्ये जाऊन सुट्ट्यांसमोरची खूण काढली. महिने कोरे झाले. ते एकेक महिना बोटानं सरकवून बघत होते आणि दर वेळी रुमालानं काच पुसत होते.

"दिवाळीसुद्धा नको?" मी विचारलं.

"सण आला की सकाळी टेबलावर दुसरं ताट मांडलेलं असतं."

"मांडतं कोण?"

"ते ठाऊक असतं तर त्यांनाच सांगितलं असतं, तुम्हाला कशाला त्रास दिला असता? घरात मी एकटाच. फोन रात्रभर टेबलावर असतो. त्यात बघत असणार."

गॅसचा सिलिंडर उशिरा येतो म्हणावं, तशा सुरात ते हे बोलले. मी हसलो. ते हसले नाहीत.

महिन्याभरानं ते त्याच बसमध्ये पुन्हा भेटले. मी थट्टेनं विचारलं, "काय, थांबलं का ताट?"

"छे हो. सण कधी आहे ते आता कळत नाही ना त्यांना. रोजच मांडतात."

त्यांचा स्टॉप आला. ते उठले, तेव्हा पिशवीत श्रीखंडाचा डबा दिसला. साधा मंगळवार होता. माझी नजर त्यांनी पाहिली.

"मांडलेलं ताट रिकामं कसं ठेवणार?" ते म्हणाले आणि उतरले.